तयारी फक्त पैशाची नको

संपादक महोदय,

इन्शुरन्स, इमर्जन्सी फंड, पॉवरबँक, सगळी तयारी ठेवा असं जो तो सांगतो आणि ते बरोबरच आहे, बायबलपण त्याच्या विरोधात नाहीये, उत्पत्ति 41 मधे योसेफाने सुकाळाच्या 7 वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला म्हणून तर दुष्काळात मिसर देश तगला. पण लूक 12 मधला श्रीमंत माणूस बघा, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा प्लॅन करतो, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. योसेफाचं धान्य लोकांसाठी होतं, ह्याच्या बोलण्यात नुसतं माझं माझं.

मला तर मत्तय 25 मधल्या, रात्री दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारी जास्त अस्वस्थ करतात. झोप दहाही जणींना लागली, दिवे पण सगळ्यांकडे होते, जादा तेल मात्र पाचजणींकडेच, आणि मध्यरात्री नवरदेव आल्याची हाक आली तेव्हा ते उसनं मिळालं नाही. आईवडिलांची श्रद्धा पण अशी ऐनवेळी उसनी घेता येत नाही हो! म्हणून चर्चमधल्या लोकांना कळकळीची विनंती, मनाची तयारी पण वेळेआधीच करा, ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याला आजच फोन करा, पॉलिसी रिन्यू करण्याइतकंच ते अर्जंट आहे.

- एक वाचक