दरमहा दरशेकडा एक

नाशिक,
श्रावणातला रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात फोनवर बाबा म्हणाले, "बेचाळीस वर्षांचा झालास, माणसाला काही ध्येय लागतं की नाही?" मी नुसतं "हं" म्हणालो आणि फोन तुमच्या नातीच्या हातात दिला. उत्तर नव्हतं. आजही नाही म्हणा, पण सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

बढती हुकली हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं दुःख महिनाभरात ओसरलं. नंतर जे उरलं ते वाईट होतं. कंपनीत जायचं, गेज लावून माल बसतो की नाही बघायचं, परत यायचं. कशाबद्दल काही विचारावंसंच वाटेना. त्यात साखर वाढली. डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून दर रविवारी पांडवलेणी चढायला लागलो. इतकी वर्षं नाशकात राहून मी ती लेणी हायवेवरूनच पाहिली होती.

तीन-चार रविवार मी नुसता घाम पुसून खाली उतरलो. मग एकदा पाऊस आला आणि दहाव्या लेण्याच्या ओसरीत अडकलो. भिंतीवर सगळी अक्षरं. शेजारी एक कॉलेजची मुलगी वही घेऊन बसली होती. तिला विचारलं, यातलं काही लागतं का? तिने एक अक्षर दाखवलं, जवळजवळ अधिकाच्या खुणेसारखं. म्हणाली, हा 'क'. बाबा, जन्मभर बेरजा केलेल्या माणसाच्या मुलाला पहिलं अक्षर मिळालं ते अधिकाचं चिन्ह! उभी रेघ म्हणजे 'र', गोल म्हणजे 'ठ', गोलात टिंब म्हणजे 'थ'. घरी येऊन रात्री एकपर्यंत गिरवत बसलो. ही ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने लावली, त्याआधी कित्येक शतकं ही भिंत कोणालाच वाचता येत नव्हती. मला ती अजूनही सरळ वाचता येत नाही. छापील पाठ समोर धरून एकेक अक्षर जुळवतो.

पण काय लिहिलंय ते ऐका. सुरुवात 'सिधं', मग 'वसे ४२', म्हणजे वर्ष ४२. (माझंही तेच. हसलो एकटाच.) शक धरला तर इसवी सनाचं साधारण १२०. नहपान क्षत्रपाचा, म्हणजे तेव्हाच्या इथल्या राजाचा, जावई उषवदात हे 'लेण' भिक्षुसंघाला देतो आहे. त्यांचा शब्द 'लेण', आपला लेणं. इतक्या वर्षांत एवढाच झिजला. आणि नुसतं लेणं देऊन तो थांबत नाही, बाबा, तो ठेव ठेवतो! तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूर रोडने पुढे गेल्यावर लागतं ते. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या दराने. हजार दुसरीकडे, दरशेकडा पाऊण. आणि अट कोरली आहे: 'अपडिदातवा वधिभोजा'. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं खायचं.

मी तिथेच ओसरीत बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि पुढे लिहिलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस! एक नाणं इकडेतिकडे नाही. तुम्ही रोकड जुळल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवायचात ना, तसं वाटलं. बढतीचं पत्र हातात पडलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

तेव्हापासून रविवारची वाट बघतो. याला ध्येय म्हणायचं तर म्हणा, मला तो शब्द जरा जड जातो. एवढं खरं की आठवडाभर डोक्यात काहीतरी घोळत असतं. परवा कंपनीतसुद्धा एका जॉबला तोच तोच ओरखडा का येतोय म्हणून मशीनपाशी तासभर उभा राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं.

मी हे कोणाकडून घेतलं तेही उमगलं. आई, तू पुडीचा दोरा सोडून साखर डब्यात ओतल्यावर तो कागद उभ्याउभ्या वाचायचीस. अर्धी बातमी, कापलेली जाहिरात, काहीही. बाबा म्हणायचे, "नसत्या चौकशा." गजराचं घड्याळ उघडलं तेव्हा मलाही तेच ऐकवलं होतं, वर एक थोबाडीतही. मी ते धरून बसलेलो नाही. म्हणजे थोडं बसलो होतो. पण बाबा, आता तुमच्याशिवाय अडलंय.

दोन श्रेणी, धंदा एकच, गाव एकच. मग एकीचा दर एक आणि दुसरीचा पाऊण का? पुस्तकात आकडे आहेत, पण मला हवं ते उत्तर नाही. तुम्ही चौतीस वर्षं काउंटरच्या आत बसलात, ठेवीदाराची अक्कल आणि घेणाऱ्याची पत दोन्ही पाहिलीत. एकीची पत जास्त होती म्हणून ती कमी दरात घेत होती? की हजाराला दर कमी आणि दोन हजाराला जास्त, असं होतं? मला वाटतं पहिलं. तुम्ही नाहीच म्हणाल, पण कारण लिहून कळवा. चाळीसगावहून याल तेव्हा गुडघ्यांचा प्रश्न आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत. तुम्ही खाली फाळके स्मारकात बसा, मी फोटो काढून आणतो. एका दमात चढायचा हट्ट नको.

आई, लोणच्याची बरणी सुखरूप पोचली. जिच्यात गुंडाळली होतीस ती पुरवणी मी वाचली. विहिरीवरचा लेख मध्येच फाटलाय. उरलेलं पान घरात असलं तर टाकू नकोस.

तुमचा,
बाळू