मुलांसाठी इंटरनेटला चाळणी: दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय दळणवळण मंत्री

महोदय,

अश्लील साइट इंटरनेट कंपन्यांनीच अडवाव्यात, ही मागणी आपल्याकडे पुन्हा पुन्हा येते. तिच्यामागची काळजी आम्हालाही आहे. शोधताना एक शब्द चुकल्यामुळे लहान मुलापुढे काहीही येऊन उभे राहावे, हे कुणालाच नको. आदेश काढण्याआधी मात्र कंपनीला ग्राहकाच्या जोडणीत काय दिसते, एवढे समजून घ्यावे. जे दिसतच नाही, ते ती अडवणार कसे?

मोबाइल एखादी साइट उघडताना आधी तिचे नाव डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) सांगून आयपी पत्ता, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, मागतो. हा प्रश्न बहुतेक वेळा पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे एकेका प्रकारच्या रहदारीचे क्रमांकाचे दार) उघडाच जातो. सगळ्यात स्वस्त चाळणी इथे बसते: यादीतले नाव आले की खरा पत्ता द्यायचा नाही. जोडणी सुरू होतानाही साइटचे नाव बहुधा उघडे असते. पुढचे सगळे कूटबद्ध, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारे. कोणते पान, कोणता व्हिडिओ, कंपनीला कळत नाही. त्यामुळे जिच्यावर सगळेच अश्लील आहे ती साइट अडते. पण तोच व्हिडिओ सोशल मीडियावर असेल, तर कंपनीने एक तर अख्खे ॲप बंद करायचे, नाही तर सगळेच जाऊ द्यायचे.

आता नावही झाकले जाऊ लागले आहे. 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' ही पद्धत डीएनएसला विचारलेला प्रश्न कूटबद्ध करून पोर्ट ४४३ वर, इतर वेब रहदारीत मिसळून पाठवते. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे दुसऱ्या डीएनएसचे नाव टाकले की कंपनीची डीएनएस चाळणी निरुपयोगी ठरते. मोठ्या मुलांना याला दोन मिनिटेही लागत नाहीत. ही चाळणी नकळत समोर येणाऱ्या गोष्टींपासून लहानांना वाचवते. मुद्दाम शोधणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला ती थांबवणार नाही. जाहीर करताना हे लोकांना स्पष्ट सांगा, नाही तर आईवडील निर्धास्त होतील.

आयपी पत्ताच बंद करा, असेही सुचवले जाते. ते कृपया करू नका. एकाच पत्त्यावर हजारो साइट असतात. ऑस्ट्रेलियात फसवणुकीच्या साइट अडवायला निघालेल्या वित्तीय नियामकाने अशाच पद्धतीने सुमारे अडीच लाख साइट बंद पाडल्याचे २०१३ मध्ये उघड झाले.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'ही साइट अडवली आहे' या सूचनेच्या पानाची. आदेशात ते पान दाखवा असे लिहिणे सोपे असते. पण एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणीच्या) साइटच्या जागी कंपनीने आपले पान पाठवले, तर साइटची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नाही आणि ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. लोक त्याला सरावतात, 'तरीही पुढे जा' दाबायला शिकतात, आणि उद्या बँकेच्या खोट्या साइटवरही तेच दाबतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक फोनमध्ये कंपनीचे रूट प्रमाणपत्र (कंपनीने बनवलेली प्रमाणपत्रे फोनला खरी मानायला लावणारे) बसवायचे ठरले, तर त्या घरातला जवळपास सगळा कूटबद्ध व्यवहार कंपनीला वाचता येईल. याला परवानगी देऊ नये. पान न उघडणे आणि तक्रारीसाठी वेगळे ॲप किंवा फोन क्रमांक असणे, एवढे पुरे.

मग काय करावे? जोडणी देतानाच 'चाळणी हवी का?' असे विचारणे बंधनकारक करा, 'हो' किंवा 'नाही'वर आधीपासून खूण न करता. ती मोफत असावी आणि फक्त खातेदाराला बदलता यावी. राउटरमध्ये मुलांसाठी दुसरे वायफाय नाव असावे. त्याच नेटवर्कला गाळलेला डीएनएस द्यावा, 'प्रायव्हेट डीएनएस' ज्यावरून जाते ते पोर्ट ८५३ बंद ठेवावे आणि सर्च इंजिनांचा सुरक्षित शोध डीएनएसमधूनच सक्तीचा करावा. मोठ्यांचे नेटवर्क मोकळे राहते, आणि 'माझे काम अडले' म्हणून कुणी अख्खी चाळणी काढून टाकत नाही. घरोघरी चाळणी निकामी होण्याचे खरे कारण बहुधा हेच असते.

यादीवर देखरेख हवी. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये अशा चाळण्यांनी लैंगिक शिक्षणाच्या आणि अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या साइटही अडवल्या होत्या. ज्या मुलीला मदत हवी, तिलाच दार बंद! म्हणून आरोग्य, शिक्षण आणि मदतकेंद्रे यांची नोंद वेगळी ठेवा आणि चुकीची साइट दोन दिवसांत मोकळी करण्याची मुदत घाला.

मोबाइल डेटावर गेल्यावर घरचा राउटर कामाचा नाही. तिथे फोनमधलेच पालक-नियंत्रण उपयोगी, कारण पडद्यावर काय येते ते फोनला कळते. आयफोनमध्ये ते 'स्क्रीन टाइम'मध्ये आहे, अँड्रॉइडवर 'फॅमिली लिंक'मध्ये. मुलासाठी फोन घेतानाच दुकानात ते चालू करून द्यावे, असा नियम कंपन्यांच्या चाळणीपेक्षा जास्त मुलांना उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

आणखी एक. चाळणी कुणी नाकारली, याची घरवार यादी कंपनीने कुणालाही देऊ नये, सरकारलाही नाही. हे आदेशाच्या पहिल्याच मसुद्यात असावे.

आपले,
इंटरनेट जोडण्या चालवणारे काही नेटवर्क अभियंते