अव्या, लॉनचं तेवढं थांबव

सातारा
२० मे

प्रिय अव्या,

वास्तुशांतीला येता आलं नाही, त्याचा राग वहिनींनी फोनवर काढलाच. पण बोलता बोलता त्यांनी सांगितलं की मागच्या जागेत तू लॉन टाकणार आहेस, कडेनं पेव्हर ब्लॉक. तळेगावात घरामागे दोन गुंठे मोकळी जमीन, आणि तिथे लॉन? दर आठवड्याला कापा, उन्हाळ्यात टँकरचं पाणी पाजा, आणि फिरकणार कोण, तर पारवे! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुला पक्षी-फुलपाखरं हवी आहेत ना? मग बागेतली पानं कुणीतरी खाल्ली पाहिजेत. 'साहेब, याला कीडच लागत नाही' असं सांगून नर्सरीवाला जे गळ्यात मारतो, ते नेमकं घेऊ नकोस. चिमणीसुद्धा लहान पिल्लांना दाणे नाही, अळ्या-किडे भरवते. तू औषध मारलंस की तिचा बाजारच उठला.

आमचा कढीपत्ता बघ. पाऊस लागला की मॉर्मन फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं ठेवत जाते, पिवळसर, मोहरीएवढं. त्यातून निघालेली अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या तावडीतून वाचते. मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलंस तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोडणीला पान उरत नाही म्हणून आई वैतागायची. शेवटी तिनंच वाटणी केली: स्वयंपाकघरामागचं झाड आपलं, विहिरीकडचं त्यांचं. आपल्या झाडावर अळी दिसली की डहाळीसकट पलीकडे नेऊन सोडते, वर चार शिव्याही देते.

लिंबू, ईडलिंबू लाव. त्यांच्यावर नीलवंत येतो, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. कुंपणाशी रुई उगवली तर उपटू नकोस, बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. पानफुटीची एक कुंडी ठेव; तिच्यावर वाढणारी अळी पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून नुसता फुगवटा दिसतो. घाणेरी मात्र नको. फुलपाखरं झुंबडतात खरी, पण पक्षी तिच्या बिया डोंगरभर नेतात, आणि आपले डोंगर आधीच तिनं भरलेत.

शेवग्याची वाळकी फांदी घरावर किंवा तारांवर पडण्यासारखी नसेल, तर राहू दे. तांबट पक्षी असल्याच मऊ लाकडात बीळ कोरतो. त्यानं सोडलेली बिळं मग दुसऱ्यांच्या कामाला येतात.

पाण्यासाठी मातीचं परळ, दोन बोटं खोल, बास. दिवसाआड काथ्यानं घासून पाणी बदल, म्हणजे डासांची भानगड नाही. मागचा हॅलोजन रात्रभर जळत ठेवू नकोस, पतंग त्याच्याभोवती फिरून मरतात.

पालापाचोळा जाळू नकोस, झाडाच्या बुडात लोट. सापांची भीती वहिनींना वाटणार, आणि त्यात त्यांचं चूक काहीच नाही. म्हणून लाकडं, विटा, पाल्याचा ढीग हे सगळं दारापासून लांब, जागेच्या टोकाला ठेव. दाराजवळची जमीन स्वच्छ. रात्री बॅटरीशिवाय मागे जायचं नाही. धामण दिसली तर काठी उचलू नकोस, ती बिनविषारी आहे, उंदीर खाते आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षणही आहे. कुठला साप ते कळलं नाही तर लांब थांबायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. त्याचा नंबर आजच लिहून ठेव, ऐन वेळी सापडत नाही.

मिरगाच्या आधी खड्डे खणून त्यात शेणखत भरून ठेव. पहिला चांगला पाऊस झाला की कढीपत्त्याचे फुटवे घेऊन मी येतो. लॉनवाल्याला अॅडव्हान्स दिला असशील तर परत माग, तुला ते चांगलं जमतं. वहिनींना म्हणावं, वास्तुशांतीचं राहिलेलं जेवण तेव्हा वसूल करणार आहे.

तुझा,
सुध्या