वहीतले श्वास

पुणे, १० ऑगस्ट २०२५

प्रिय सोन्या,

काल दुपारी माझ्या कपाटाचा खालचा खण उपसताना तुला ऑक्सिमीटर सापडला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा. तो पायाच्या अंगठ्याला लावून तू लंगडत लंगडत मला दाखवायला आलास आणि मी काही न बोलता तो तुझ्याकडून हिसकावून घेतला. तुझा चेहरा उतरला. तुझं काहीच चुकलं नव्हतं, बाळा. पाच वर्षांपूर्वी एका रात्री मीच तो तुझ्या अंगठ्याला लावला होता. ती रात्र आठवली आणि माझ्या पोटात गोळा आला.

तू आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागलायस, त्यामुळे हे पत्र तू वाचशील तेव्हा बराच मोठा झालेला असशील. पण मला ते आजच लिहायचंय. गेला महिनाभर तू रोज संध्याकाळी विचारतोस, "आई, मला ताप नाहीये ना?" मी कपाळाला हात लावते, नाही म्हणते. पाच मिनिटांनी तू परत येतोस. हा प्रश्न माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. तो तुझ्याकडे माझ्याकडून आलाय.

तुझा जन्म १६ जुलै २०२० चा. करोनामुळे पुण्यात १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला होता. त्यातल्या पहिल्या पाच दिवसांत दूध आणि औषधं सोडली तर जवळजवळ सगळं बंद. सिंहगड रोड इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. आधी माझ्या नाकात काडी घालून स्वॅब घेतला होता, तो निगेटिव्ह आला तेव्हा बाबा रडला. कळा देताना माझ्या तोंडाला मास्क होता. तुला छातीवर ठेवलं तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की मी याच्या अंगावर श्वास सोडतेय. त्याआधी आनंद झाला असेल, नक्की झाला असेल, पण मला आठवतो तो हाच विचार.

मिरजेहून आजी यायची होती. तिच्या बॅगेत बाळंतशेपा, डिंक, अळीव सगळं मार्चपासून भरून ठेवलेलं. पण जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास लागायचा, तिकडे सांगली-मिरजेतही पेशंट वाढत होते, आणि खरं सांगायचं तर मीच तिला येऊ नकोस म्हणाले. तुझं बारसं मोबाईलवर झालं. आजीने तिकडून पाळणा म्हटला, पण आवाज तुटत होता. मालिशवाल्या मावशींना मी दारातूनच परत पाठवलं. तुला तेल मी लावायचे, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून, आणि आजी पलीकडून सांगायची, "अगं जरा दाबून चोळ की, मोडत नाही तो."

दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं, भाजी मिठाच्या पाण्यात टाकणं, पेपर बंद करणं हे सगळ्यांकडेच चाललं होतं. म्हणून तर माझं काय होतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळं शहर घाबरलेलं असताना एका ओल्या बाळंतिणीची भीती प्रमाणाबाहेर गेलीय हे कळणार कसं? शेजारच्या काकू तर माझं कौतुक करायच्या, किती जपते म्हणून.

मी तुझे श्वास मोजत होते. दोनशे पानी वही केली होती. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले: वेळ, श्वास, ताप, दूध, शी-शू. ती वही मी काल परत उघडली. २ सप्टेंबरच्या पानावर असं आहे: १.१० ला ४४. १.३५ ला ५२. १.५० ला ४८. २.०५ ला ५६, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हापायी मी उजाडेपर्यंत जागी होते. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० चालतो, हे मला पाठ होतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचा, तुझ्या पोटाकडे बघायचं, पाळण्याच्या दोरीला हातसुद्धा लावायचा नाही. आकडा बरोबर आला की बरं वाटायचं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग वाटायचं, मघाशी मोजताना चुकलं तर नसेल?

२ सप्टेंबरपासून ई-पासची अट गेली आणि ४ तारखेला आजी आली. हे लिहिताना आजही माझा हात अडखळतो. सहा तास गाडीत बसून आलेल्या माझ्या आईला मी बाहेरच्या खोलीत ठेवलं, चौदा दिवस. ताट दाराशी ठेवायचे. पहिल्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, मास्कवरून पुन्हा पदर धरलेला, आणि लांबूनच तुझ्याकडे बघत म्हणाली, "कान आमच्या ह्यांच्यासारखे आहेत बघ." आजोबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी म्हणाले, "आई, मागे हो ना." ती झाली. मला एका शब्दाने बोलली नाही.

मग ती ऑक्सिमीटरची रात्र, १४ सप्टेंबरची. पुण्यात तेव्हा बेड मिळत नव्हते, ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायचे. ऑक्सिमीटर आम्ही आमच्यासाठी आणला होता. रात्री अडीचच्या सुमाराला तू झोपेत श्वास घेता घेता थांबलास. मी मनात पाच-सहा मोजेपर्यंत पोट हललं नाही, आणि मग भराभर चार-पाच श्वास घेतलेस. मी ऑक्सिमीटर तुझ्या अंगठ्याला लावला. अंगठा केवढासा, चिमट्यात बसेचना. आतला लाल दिवा तुझ्या नखातून आरपार दिसत होता. आकडा आला ८६. मग ७९. मग नुसत्या रेघा.

मी किंचाळले. बाबा उठला, आजी उंबऱ्यापर्यंत धावत आली आणि तिथेच थांबली, मी नियम केला होता म्हणून. त्या अवस्थेतही थांबली. बालरोगतज्ज्ञ मॅडमना फोन लागला. त्यांनी विचारलं, "त्याचे ओठ कसे आहेत? रंग?" मी म्हटलं, गुलाबी. "दूध कधी प्यायला?" एक वाजता, पोटभर. "आत्ता काय करतोय?" आमच्या गोंधळाने तू जागा झाला होतास. मी म्हटलं, पंख्याकडे बघतोय. त्या म्हणाल्या, "मग ते यंत्र काढा आधी. ते मोठ्या माणसाच्या बोटासाठी असतं, एवढ्याशा अंगठ्यावर ते काहीही दाखवतं. आणि या वयाची बाळं झोपेत चार-सहा सेकंद थांबून पुन्हा श्वास घेतात. चालतं ते." मग सहज विचारावं तसं विचारलं, "दीड महिन्याची लस कुठे घेतली हो तुम्ही? माझ्याकडे नोंद नाही."

घेतली नव्हती. २७ ऑगस्टला सहा आठवडे झाले होते आणि दवाखान्यात कोण कोण येऊन बसलेलं असेल या भीतीने मी आज-उद्या करत राहिले होते. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, या सगळ्यांवरची लस. वहीत एका रात्रीचे तीस-तीस श्वास लिहिणाऱ्या तुझ्या आईने जे खरोखर करण्यासारखं होतं तेच केलं नव्हतं. एवढ्या लहान बाळाला डांग्या खोकला झाला तर काय होतं हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. त्या रात्री त्या फक्त म्हणाल्या, "सकाळी नऊला या. पहिला नंबर तुमचा, बाहेर कुणी नसेल."

सकाळी तुला टोचून झालं आणि तू रडून शांत झालास. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही किती झोपता?" मला आकडा सांगता येईना. सगळ्या गोष्टींचे आकडे होते माझ्याकडे, तेवढाच नव्हता. बाबा म्हणाला, "दीड तास. सलग तेवढाही नाही." त्यांनी लगेच एका मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून दिला. बाळंतपणानंतर असं होतं, बऱ्याच जणींना होतं, आणि त्याला उपचार असतो, हे मला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं. त्यांनी मला वेडी म्हटलं नाही, आणि काळजी करू नका असंही म्हटलं नाही.

अंगावर पाजत असताना चालेल अशी एक गोळी मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केली. आठ महिने घेतली. घरातल्या काहींना ते पटलं नाही, दुधातून बाळाला जाईल म्हणाले. मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं आणि घेत राहिले. उद्या तुला कधी अशी गोळी लागली तर लाज बाळगू नकोस. दर मंगळवारी मोबाईलवर एक समुपदेशक ताई बोलायच्या. त्यांनी मला एक गोष्ट समजावली. तू मोजतेस, बाळ ठीक असतं, आणि तुझ्या मनाची समजूत होते की मी मोजलं म्हणून ते ठीक राहिलं. मग पुढच्या वेळी न मोजता राहवत नाही. त्यामुळे मोजावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं. फक्त थांबायचं, दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून घड्याळाकडे बघत उभी राहिले. घसा कोरडा पडला, तळहातांना घाम सुटला. चौथ्या मिनिटाला वाटलं की आता आत जाऊन बघितलं नाही तर काहीतरी होईल आणि ते माझ्यामुळे होईल. सहाव्या मिनिटाला तसंच होतं. आठव्याला कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला, आणि लक्षात आलं की मधलं अर्धं मिनिट मी भीतीकडे बघितलंच नव्हतं. दहा झाली तेव्हा मी आत गेले, पण मोजलं नाही. नोव्हेंबरपर्यंत वहीतले रकाने रिकामे पडायला लागले.

कधी बघायचं तेही मॅडमनी ठरवून दिलं होतं. श्वास पूर्ण मिनिटात दोन महिन्यांपर्यंत साठ, त्यानंतर पन्नास किंवा जास्त भरला, छातीखाली खड्डा पडायला लागला, दूध ओढेनासा झाला, उठवूनही उठला नाही, किंवा तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर रात्र-दिवस न बघता फोन. एरवी नाही. तो कागद फ्रिजवर वर्षभर होता.

आजीला मी १८ सप्टेंबरला तुला पहिल्यांदा मांडीवर दिलं. तिने आधी हात धुतले, मी सांगायच्या आत, आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल, आईची भीती खोटी होती. तसं नाही रे. २०२१ चा एप्रिल तू मोठा झाल्यावर इतरांकडूनही ऐकशील. रेमडेसिविरसाठी रांगा, ऑक्सिजनसाठी फोन. माझा सांगलीचा मामा त्या मे महिन्यात गेला. आजीला सख्ख्या भावाचं तोंडही बघता आलं नाही. जे व्हायचं मला भय होतं ते लोकांच्या घरी खरोखर होत होतं, आमच्याही घरी झालं. त्याच एप्रिलच्या मध्यात, बाहेर निर्बंध लागलेले असताना, मी तुला नवव्या महिन्याची गोवरची लस देऊन आणली, ठरलेल्या दिवशी. हात थरथरत होते, पण गेले. महिनाअखेरीला बाबा पॉझिटिव्ह आला, मग मी, मग तुला दोन दिवस ताप, १०१. तुला पाजताना मी दोन मास्क लावायचे. वजनाप्रमाणे तापाचं औषध, कपाळावर ओलं फडकं, सकाळ-संध्याकाळ एकेकदा श्वास, आणि बाकीचा वेळ तुझ्याशी खेळ. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आदल्या वर्षी न आलेल्या आजाराची मी जेवढी धास्ती घेतली होती, त्याच्या निम्मीही भीती आलेल्या आजाराने वाटली नाही.

मी पूर्ण बरी झालेय असं नाही म्हणणार. तू शिंकलास की माझी मान वळते. तुला खोकला झाला की रात्री एकदा उठून बघते. एकदाच. आणि हे तुला दिसतं, माझ्या डोळ्यांतली ती चुळबुळ तू टिपतोस, हे मला उशिरा कळलं. म्हणून आजपासून तू संध्याकाळी विचारशील तेव्हा मी एकदाच सांगणार आहे. दुसऱ्यांदा विचारलंस तर तुला जवळ घेऊन म्हणेन, "मघाशी सांगितलं ना सोन्या. आता भीती वाटतेय का? थांबू आपण दोघं थोडं." तुला राग येईल, कदाचित रडशील. मी तिथून हलणार नाही.

ऑक्सिमीटरचे सेल काढून तो तुझ्या डॉक्टर-डॉक्टरच्या डब्यात ठेवलाय. मघाशी आजीच्या बोटाला लावून तू "शंभर" म्हणालास, ते मी ऐकलं. वही मात्र माझ्याजवळ राहील, तुझ्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच फाइलमध्ये. त्या कार्डावर पाच वर्षांचा बूस्टर अजून रिकामा आहे. गुरुवारी सकाळी नऊला जायचंय, पहिला नंबर घेतलाय.

तुझी,
आई