लाईन सोडली, तेवढं सांगायचं होतं

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले असते तर आई मध्येच रडली असती आणि बाबांनी फोन तिच्या हातात देऊन टीव्ही लावला असता, म्हणून टाईप करतेय. डाव्या हाताने जास्त करतेय, काना-मात्रा चुकल्या तर चालवून घ्या.

सरळच सांगते. मी लाईन सोडली, कारखान्यातलं ते स्क्रू लावायचं काम. राजीनामा देऊन झाला, या शनिवारी नोटीस संपते, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे स्टोअरला लागतेय. माल आला की मोजायचा, बारकोड स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर एन्ट्री करायची. पगार कमी आहे आणि ओटी म्हणजे ओव्हरटाईम नाही, हे आत्ताच सांगून टाकते म्हणजे बाबा शेवटपर्यंत तेच शोधत वाचणार नाहीत. घरी पाठवते त्यात थोडी कपात होईल पण आईच्या गोळ्या आणि लाईटबिलाला हात लागणार नाही, तो हिशोब मी दोनदा मांडलाय.

कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही. हातामुळे सोडली.

घाबरू नका आधी. रात्री उजवा हात बधिर होऊन जाग यायची, अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी मात्र एकदम ठणठणीत. हात झटकला की मुंग्या येऊन हळूहळू जिवंत व्हायचा. डॉक्टरांनीही आधी करंगळीचंच विचारलं, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणे. बाकीच्या बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद जागेतून जाते आणि त्याच जागेतून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा पण जातात, तिथे सूज आली की नस दाबली जाते. कार्पल टनेल म्हणतात. नसेची टेस्ट झाली, दाब मधल्या पायरीवर आहे, म्हणजे ऑपरेशनची वेळ अजून नाही आणि दुर्लक्ष करायचीही नाही. रात्री पट्टा बांधून झोपते, त्याने खरंच फरक आहे. पण असंच चालू ठेवलं तर अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो ना तो वाळायला लागतो आणि मग वस्तू हातातून सुटतात, ते झालं की पूर्ण भरून येईलच असं नाही.

काकांना वाटतं हलकं काम आहे, सावलीतलं. एक स्क्रू लावणं हलकंच आहे, लहान पोर पण लावेल. माझं स्टेशन 40 सेकंदांचं, म्हणजे तेवढ्यात एक पीस पुरा करायचा, एका पीसला 4 स्क्रू, ब्रेक सोडून 7 तास धरले तर 630 पीस, म्हणजे एका शिफ्टला 2520 स्क्रू. आणि प्रत्येक स्क्रू पूर्ण बसला की स्क्रू पिळायची गन शेवटी मनगटाला एक हिसका देते, छोटासाच, पण दरवेळी, आणि मनगट वाकलेलंच असतं कारण फिक्स्चरची, म्हणजे पीस अडकवतात त्या साच्याची, उंची कुणाच्या मापाने केलीय देव जाणे. जोर, तेच तेच काम, वाकलेलं मनगट आणि थरथर, डॉक्टर म्हणाले ही चारही एकत्र आली की हात लवकर जातो. पायांचं तर काय सांगू, चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, म्हणून सुट्टीला आले तेव्हा पाय भिंतीवर टाकून झोपत होते, आई, तुला वाटलं नखरे. स्टोअरला निदान चालणं आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल आम्ही कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म काढला. काढलात, आणि त्याच्यावरच मी शिकले, हे मी विसरलेली नाही. पण लोक लाईन सोडतात ते आजचं नाही. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते, 1913 ला अमेरिकेत फोर्डने गाडीची सांगाडा-जोडणी चालत्या लाईनवर आणली, साडेबारा तासांचं काम पुढच्या वर्षी 93 मिनिटांवर आलं, आणि माणसं इतकी सोडून जायला लागली की 1914 ला रोज 5 डॉलर द्यायची वेळ आली, जवळजवळ दुप्पट. शंभर वर्षांपूर्वीच्या धडधाकट माणसांना जे झेपलं नाही ते मला झेपलं नाही तर घरात तोंड पाडून बसू नका.

आई, आठवतं का, मशीनवर बसलीस की सुई ओवायला मलाच हाक मारायचीस, तुझी बोटं बारीक आहेत म्हणून. मी दोरा तोंडात ओला करून एका फटक्यात ओवायचे आणि तू पाठीवर थोपटायचीस. मध्यंतरी ड्रेसचं मागचं बटण लागेना तेव्हा ते आठवलं आणि त्याच दिवशी राजीनामा लिहिला. रडू नकोस गं. बटण आता लागतं, पट्ट्यामुळे.

बाकी माझं सगळं बरंय. रूम तीच, पार्टनर तीच, ती जड बादली उचलूच देत नाही. डबा वेळेवर येतो, गरम असतो. नाईट शिफ्ट संपली म्हणून झोप पण सरळ होईल, वजन वाढलं की फोटो टाकते.

आता तुमचं. बाबा, प्रेसने तुमचे कान नेलेत, मान्य करा. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षं 8-8 तास राहिलं की आधी स, श, फ असे बारीक आवाज जातात, म्हणून आईचं अर्धं बोलणं कळत नाही आणि ती मोठ्याने बोलली की तुम्हीच म्हणता ओरडू नकोस. ती ओरडत नाही. कानाची टेस्ट करून घ्या, दुखत नाही, फक्त हेडफोन लावून बसायचं असतं. कानाचं मशीन लागलं तर लावायचं, लोक काय म्हणतील ते तुम्हाला तेव्हा ऐकू तरी येईल. आई, तू बरोबर जा, एकटे पाठवलेस तर बाहेरूनच परत येतील. आणि शिवणकाम दिवसाउजेडीच, मध्ये उठून चार पावलं चालायचं. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळी काय झालं ते दादाला विचार.

दादाला माझ्या नोकरीचं मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका, तो लगेच पैसे पाठवायला बसेल. बाबांच्या कानाच्या टेस्टचा रिपोर्ट मला पाठवा, फोन आडवा धरून फोटो काढा, मागचा अर्धाच आला होता.

तुमची,
छोटी