बनियनला डाग लागतो का, असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहिणार नाही, लिहू नका असं तुम्हीच सांगितलं होतंत. हॉस्पिटलचंही नाही, जिथल्या स्टडीसाठी तुम्ही बाबांना फोन करायचात. वयानं तुम्ही माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी तरी लहान असाल, पण आमच्या घरी तुम्हाला सगळे ताईच म्हणतात, बाबासुद्धा, त्यामुळे मीही तेच म्हणते. आणि मिठाईचा डबा तुम्ही घेतला नव्हता ना, "स्टडीतल्या पेशंटकडून काही घेता येत नाही" म्हणून, तर मग हे पत्र तरी घ्या.

पहिल्यांदा वॉर्डात तुम्ही क्लिपबोर्ड घेऊन आलात तेव्हा आम्ही तुमच्याशी जे वागलो त्याबद्दल आधी सॉरी. बाबांचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ, हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं, आणि आम्ही वर्षभर "वय झालं म्हणून थकतात" असं म्हणत बीटाचा रस पाजत होतो. (उजव्या बाजूची गाठ बऱ्याचदा दुखत नाही, रक्त दिसतही नाही, नुसता ॲनिमिया होतो, हे नंतर कळलं. साठीच्या पुढच्या माणसाचं हिमोग्लोबिन उगाच कमी झालं तर नुसत्या आयर्नच्या गोळ्या खात बसू नका, एवढं मी हल्ली प्रत्येकाला सांगत सुटते.) तर अशा वेळी तुम्ही आलात आणि म्हणालात की एक स्टडी चालू आहे, काकांना भाग घ्यायला आवडेल का. दादा खाडकन उभा राहिला. "ट्रायल-बियल काही नको मॅडम, आम्ही इंदूरचे आहोत."

तुम्हाला कळलं तो काय म्हणतोय ते. तुम्ही ग्वाल्हेरच्या, पण कळलं. आपल्या शहरात हा शब्द साधा राहिलेला नाही. माणसांना न सांगता, नीट न विचारता त्यांच्यावर औषधांच्या चाचण्या केल्याचे आरोप इथे झाले, पेपर भरभरून आले, आणि २०१२ मध्ये इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, मग २०१३ पासून संमतीचे आणि नुकसानभरपाईचे नियम कडक झाले. आमच्या रामबागेतल्या काकू अजून हॉस्पिटलात कुठलाही कागद सही करायला आला की आधी "ये ट्रायल का तो नहीं है" असं विचारतात, मग तो जेवणाचा का असेना.

दुसरी कोणी असती तर फॉर्म उचलून पुढच्या बेडकडे गेली असती. तुम्ही स्टूल ओढून बसलात. म्हणालात, दादा विचारतायत ते बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. मग सांगितलंत की यात नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, बाबांचं जे ऑपरेशन व्हायचं तेच होणार, डॉक्टर तेच, आम्ही फक्त लिहून ठेवणार, की पोटाच्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत माणसाचं काय काय होतं. नाही म्हणालात तरी ट्रीटमेंटमध्ये काडीचा फरक नाही, हो म्हणून उद्या नको वाटलं तर उद्या सोडा, कारणसुद्धा देऊ नका. फॉर्म हिंदीत होता. बाबा वाचतात हिंदी, चाळीस वर्षं बिजली बोर्डात हिंदीतच फायली लिहिल्या, पण मुद्दाम अडवायचं म्हणून म्हणाले, मला मराठीत सांगा. आणि तुम्ही चारही पानं मराठीत सांगितलीत, ओळ अन् ओळ बोट ठेवून, स्टडीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा नंबर कुठे लिहिलाय ते दाखवलंत, "माझी तक्रार करायची असेल तर इथे करायची" असं हसत म्हणालात. बाबांनी रात्रभर कागद उशाशी ठेवला आणि सकाळी सही केली. त्याची कॉपी अजून पेन्शनच्या फाइलीत आहे, पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरच्या मागे.

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही, तो दिवस मला आठवायचा नाही. गाठ निघाली, आतडं जोडलं, पुढे रिपोर्टात १७ लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या आणि एकीतही कॅन्सर नाही असं आलं. किमान १२ तरी तपासाव्या लागतात, तरच स्टेज भरवशाची धरतात, हे तुमच्याकडूनच कळलं, नाहीतर आम्ही तो आकडा बघून सतरा ठिकाणी पसरलंय समजून रडायला बसलो होतो, अगदी खरं सांगते.

वॉर्डातले दिवस मात्र आठवतात. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिजिओवाल्यानं बाबांना उठवून खुर्चीत बसवलं, संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये चालवलं, आणि आत्या आल्या होत्या त्या म्हणाल्या, अरे पोट फाडलंय त्यांचं, चालवताय काय! त्यांच्या वेळी पोटाच्या ऑपरेशननंतर आठ-आठ दिवस पडून ठेवायचे, नाकात नळी, पाण्याचा थेंब नाही. तुम्ही तिथेच कुणाचं तरी बीपी लिहीत होतात, वळून सांगितलंत की डेन्मार्कचे केहलेट नावाचे सर्जन होते, त्यांनी नव्वदच्या दशकात हे सगळं उलटं करून बघितलं, लवकर उठवा, लवकर पाजा, नळ्या लवकर काढा, आणि पेशंट लवकर घरी जायला लागले. शिवाय च्युइंगम! बाबांना दिवसातून तीनदा च्युइंगम चघळायला दिलं तेव्हा माझा मुलगा म्हणाला, आजोबांना चालतं आणि मला का नाही. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, मग ते हलायला लागतं. सगळ्यात आळशी मोठं आतडं, त्याला जागं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या अख्ख्या खानदानाचं लक्ष एकाच गोष्टीकडे, वारा सरला का. पुण्याहून काका फोन करून विचारायचे, मुंबईहून मावशी विचारायची, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आईनं फॅमिली ग्रुपवर "झालं!!!" एवढंच टाकलं तर ४२ अंगठे आले.

सहाव्या दिवशी डिस्चार्ज. आता खरं तुम्हाला ज्यासाठी लिहितेय ते.

डिस्चार्जचा कागद म्हणजे दीड पान शॉर्टफॉर्म आणि कोंबडीचे पाय. काय झालं तर परत यायचं, काय झालं तर नाही, काहीच कुणी सांगितलं नाही, "रविवार सोडून कधीही या" एवढंच. तुम्ही जाता जाता म्हणालात, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी माझा फोन येईल, उचला हं. आम्ही हो हो केलं. फीडबॅकचा फोन असतो ना गाडीच्या सर्व्हिसिंगनंतर, तसं काहीतरी असेल वाटलं.

चौदावा दिवस म्हणजे गणपती बसायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. घरात मखराचा पसारा, आई तळणात, फोन आला, मी स्पीकरवर टाकला. ताप? नाही. उलटी? नाही. पोट साफ होतं? होतं. जखम कशी आहे काका? "उत्तम." दुखतं? "छे." लाल झालीये? "मला काय दिसतंय तिथलं." इथे फोन संपायला हवा होता. फॉर्ममध्ये सगळे "नाही" भरून झाले असते.

तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, "काका, बनियनला डाग लागतो का? बेंबीपाशी ओलं होतं का?"

बाबा गप्प. आणि स्वयंपाकघरातून आई झारा हातात घेऊन बाहेर आली. "अगं बाई! म्हणून तीन दिवस स्वतःची बनियन स्वतः धुतायत! मी म्हटलं ४१ वर्षांत कधी हातरुमाल धुतला नाही या माणसानं, ऑपरेशननं सुधारले की काय!"

तीन दिवस टाक्यातून चिकट पिवळं पाणी येत होतं. सांगितलं का नाही, तर परत ॲडमिट करतील आणि गणपती हुकेल म्हणून. आणि आमचीही चूक सांगते, दादाला आदल्या दिवशी थोडा वास आला होता, त्यानं वॉर्डात फोन करून विचारलं तर पलीकडून कुणीतरी म्हणालं, होतं असं थोडंफार, कोरडं ठेवा. आणि आम्ही कोरडं ठेवलं! तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी नऊला ओपीडीत आणा, मी सरांना आत्ताच सांगते, गणपती बाराला बसवा. दुसऱ्या दिवशी दोन टाके उघडले, पू काढला, कुठले जंतू आहेत ते बघायला कल्चरला पाठवला, ॲण्टिबायोटिक सुरू झालं, आणि बाबा साडेअकराला घरी. आरती त्यांनीच म्हटली, बसून म्हटली पण म्हटली. सर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर आत खोल गेलं असतं, कदाचित शिवण उघडायची वेळ आली असती.

आणि मग दादानं जे केलं त्याची मला लाज वाटते पण लिहितेच. ड्रेसिंगला गेलो तेव्हा तो तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, ते इन्फेक्शनचं लिहू नका ना, सरांनी इतकं छान ऑपरेशन केलं, त्यांचं उगाच नाव खराब. त्याला वाटलं तो उपकार करतोय. तुम्ही म्हणालात, "दादा, 'हो'वर टिक करायलाच तर मी फोन करते." वर सांगितलंत की सरांनी स्वतःच तुम्हाला दोनदा विचारलंय, भरलं का म्हणून.

मी घरी येऊन खूप वाचलं त्यानंतर, तुम्ही सांगितलेले शब्द टाकून टाकून. ग्लोबलसर्ज म्हणून एक स्टडी २०१८ मध्ये छापून आली, ६६ देश, ३४३ हॉस्पिटलं, १२,५३९ पेशंट, सगळे पोटाच्या ऑपरेशनचे. ३० दिवसांत जखमेत इन्फेक्शन किती जणांना? पुढारलेल्या देशांत ९.४ टक्के, मधल्यांत १४, आणि मागासलेल्यांत २३.२. म्हणजे बाबांना झालं ते काही जगावेगळं नव्हतं. मग चीता नावाची ट्रायल वाचली (नाव ऐकून मुलाला वाटलं कुनोच्या चित्त्यांबद्दल आहे), २०२२ची, सात देश, त्यात भारत पण, १३,३०१ पेशंट. त्यांनी केलं काय, तर पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी ग्लोव्ह्ज बदलायचे आणि हत्यारं नवीन घ्यायची. बस. इन्फेक्शन १८.९ टक्क्यांवरून १६ वर आलं. आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या ट्रायलमध्ये औषध लावलेला खास धागा आणि खास लोशन वापरून बघितलं, तर साध्यापेक्षा काही फायदा नाही. मी ते वाचत बसले आणि माझ्या डोक्यात एकच, की हा १८.९ मधला पॉइंट नऊ कुठून आला? हजारो लोकांना कुणीतरी ३० दिवसांनी गाठलंय. पेशंट घरी गेल्यावर बरीच इन्फेक्शनं वर येतात, आणि घरचा माणूस "उत्तम" म्हणतो, आणि त्या "उत्तम"वर जो थांबला त्याचा आकडा छान येतो. आमचे बाबा जवळजवळ त्या छान आकड्यात गेलेच होते.

हो, आणि ग्रेडचं तुम्हाला सांगायचं राहिलं. त्रास किती मोठा झाला ते मोजायची ती क्लेव्हियन-डिंडोची पट्टी, एक ते पाच, पाच म्हणजे माणूस गेला. नुसते टाके उघडले असते तर एक, ॲण्टिबायोटिक लागलं म्हणून दोन, असं तुम्ही समजावलंत ना, तेव्हापासून बाबा आल्यागेल्याला सांगतात, "नोकरीत सगळा जन्म ग्रेड वाढावी म्हणून अर्ज केले, वाढली नाही, इथे न मागता सेकंड ग्रेड मिळाली."

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, यंदा मोबाइलवरच बघितल्या त्यांनी, कुरकुर करत. रात्री सराफ्यात खायला जायचं म्हणून मागे लागलेत, अजून सोडलेलं नाही. पोहे सुरू झालेत, शेव कमी, जीरावन मसाला अजिबात नाही, म्हणजे आईच्या समोर तरी नाही.

तिसाव्या दिवशीचा फोन त्यांनी स्वतः उचलला, मला स्पीकरवर टाकू दिला नाही. आणि सगळं खरं सांगितलं, मी दाराआडून ऐकत होते, जखम अजून करंगळीच्या नखाएवढी उघडी आहे, पाणी येत नाही, बनियन कोरडी, परवा एकदा जुलाब झाले ते कचोरीमुळे. कचोरी! आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगितलं.

आता स्टडी संपली, तुमचे फोन बंद झाले. नियमच आहे तो, कळतं मला. पण दर चार दिवसांनी बाबा विचारतात, त्या पोरीचा फोन नाही आला का गं. पुढच्या वर्षी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) आहे, तेव्हा भेटाल ना असं विचार म्हणालेत. तुमचा नंबर त्यांनी "बनियनवाली ताई" म्हणून सेव्ह केलाय, त्यावर आई जाम भडकली, पण ते बदलायला तयार नाहीत.

तुमची,
बेड नंबर ११ ची मुलगी
लोकमान्य नगर, इंदूर