नकाशा काढणारा कुठे राहतो?

सोलापूर,
रविवार

प्रिय अव्या,

"सोलापूरला प्लॅनिंग म्हणून नाहीच बे," असं परवा फोनवर म्हणालास. तुझ्या टाऊनशिपची जाहिरात नुकतीच पाहिली होतीस, म्हणून तेव्हा सोडून दिलं. पण डोक्यातून जाईना, मग वाचत बसलो. आता भोग.

मोहेंजोदडोच्या झाकलेल्या गटारी आपण शाळेत पाठ केल्या. साडेचार हजार वर्षांपूर्वी न्हाणीचं पाणी गल्लीतल्या विटांच्या गटारात जात होतं. आमच्या गल्लीत पाऊस पडला की काय होतं ते तुला माहीत आहे! पण त्याच काळातलं कच्छमधलं धोलावीरा बघ. बालेकिल्ला, मधलं नगर, खालचं नगर, सगळं भिंतींनी वेगळं केलेलं. कौटिल्य तर अर्थशास्त्रात आडपडदाच ठेवत नाही. तीन राजमार्ग पूर्व-पश्चिम, तीन दक्षिण-उत्तर, कुठल्या वर्णानं कुठल्या दिशेला राहायचं तेही ठरलेलं, आणि चांडाळांची वस्ती स्मशानापलीकडे. रस्ते सरळ आखले म्हणजे माणसांशी सरळ वागले असं नाही.

पॅरिसचंही तेच. १८५३ पासून तिथला सरकारी प्रशासक ओस्मान याने जुन्या गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले. खाली उत्तम गटारं बांधली, हे त्याचं श्रेय. पण भाडी चढली आणि गरीब लोक शहराच्या कडेला फेकले गेले. मला आवडला तो स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९१४ मध्ये भारतात आला, गावोगाव पायी हिंडला आणि इंजिनियरांना म्हणाला, वस्ती सरसकट पाडू नका. अगदी पडायला आलेली चार घरं काढा, उजेड-वारा येऊ द्या, बाकीची राहू द्या.

आता आपलं गाव. किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि भोवती पेठा. १८७७ ला जुनी गिरणी, म्हणजे कापडगिरणी, आली आणि मग कामगारांची दाटी झाली. पूर्व भागात आजही पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. उंबऱ्यात बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, मागाच्या खडखडाटात शेजारणीशी तेलुगूत बोलते, हात थांबत नाही. नकाशात भरायला निवासी आणि औद्योगिक असे दोन रंग घेऊन बसलेल्या माणसानं या घराला कुठला रंग द्यायचा?

आणि नीट आखलेली वस्ती हवी तर आपल्याकडे सेटलमेंट होतीच की. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. तो कायदा १९५२ ला गेला, पण भागाचं नाव अजून तेच.

उलट कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल. विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून मिळवलेली दहा हजार घरं. पुढे रे नगर झालं, तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. शहरापासून लांब पडतं, हे खरंच. पण मागणाऱ्यांनी मागून घेतलेलं आहे. माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात मोठं प्लॅनिंग तेच, आणि तू म्हणतोस काहीच नाही!

दिवाळीला ये, तुला तिकडे नेतो. आईनं शेंगाचटणी करून ठेवली आहे. आणि हो, तुझ्या टाऊनशिपच्या नकाशात धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची घरं किती लांब आहेत, ते विचारून कळव.

तुझाच,
सुऱ्या